बाहेरच्या कड्या

"काका, ही कडी उलटी बसवलीत तुम्ही," मी म्हटलं.

"सुलटीच आहे," काका म्हणाले आणि त्यांनी ती लावून दाखवली. बाहेरून.

मला हसू आलं. विमा कंपनीसाठी गाड्या तपासता तपासता माझे केस पिकले. स्वतःच गाडी पेटवून धाय मोकलून रडणारे पाहिले, चोरीला गेलेली गाडी मालकाच्या मेव्हण्याच्या गोदामात सापडलेली पाहिली. आता मला कशाचं नवल वाटत नाही, असं मी ऑफिसात ऐटीत सांगत असे. पण चोराला आयतं उघडून मिळावं अशी कडी लावून वर हप्त्यात सवलत मागणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातलीच गत.

तळ्याकाठच्या त्या मैदानात घरगाड्या उभ्या असत. कोणी सुट्टीपुरता येई, कोणी कायमचा राही. काका कायमचे. आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी मिनीबस घेऊन तिचंच घर केलं. आत दोन झोपायच्या फळ्या, शेगडी, छोटं मोरीसारखं बेसिन, धुतलेले पडदे. त्यांनी कंपनीला फोन करून कळवलं होतं, 'गाडीची सुरक्षा वाढवली आहे, हप्ता कमी करा.' मान्यताप्राप्त कुलूप किंवा अलार्म बसवला की हप्ता थोडा उतरतो, हे खरं. पण गाडीत कुठलाही बदल केला तर तो आम्हाला दाखवावा लागतो, आणि त्या बदलाने धोका वाढत असेल तर हप्ता चढतो किंवा विमाच नाकारला जातो. लोकांना पहिलं अर्धं तोंडपाठ असतं. उरलेलं अर्धं सांगायला मी जाते.

मी गाडीभोवती चक्कर मारली. दाराला वर एक कडी, खाली एक कडी. सगळ्या खिडक्यांना बाहेरून वेल्डिंग केलेले गज. अडचणीच्या वेळी बाहेर पडायला ठेवलेली मागची मोठी खिडकी, तिलाही गज. काम मात्र सुबक होतं, कुठे धार राहिली नव्हती.

"काका, कुलूप बाहेरच्याला आत येऊ न देण्यासाठी असतं. तुमच्या कड्यांनी आतला माणूस बाहेर पडायचा नाही."

"तेच तर," काका म्हणाले.

तेवढ्यात आतून दारावर थापा पडल्या. काकांनी लगबगीने दोन्ही कड्या काढल्या. दारात एक बाई उभ्या होत्या. नीट विंचरलेले पांढरे केस, खांद्यावरून आडवी घेतलेली चामड्याची जुनी पिशवी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सुट्टे आहेत का?"

"आहेत," मी गोंधळून म्हटलं.

"बरं." त्यांचं समाधान झालं. त्या पायरीवर बसल्या आणि तळ्याकडे पाहू लागल्या.

माझं हसू जिथल्या तिथे विरलं.

"मी ड्रायव्हर, ही कंडक्टर," काका हळू आवाजात सांगू लागले. "एकाच गाडीवर. लग्न मागाहून झालं. आमच्यात कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी अजून तेच म्हणतो. पूर्वी चिडायची, आता दुसऱ्या कशाला ओ देत नाही."

"आणि तुम्हाला काय म्हणतात?"

"ड्रायव्हर. नाव गेलं डोक्यातून, लग्न गेलं, पोटची मुलगीसुद्धा आठवत नाही. ड्रायव्हर तेवढा राहिलाय." हे त्यांनी बढती मिळाल्यासारखं सांगितलं.

मागे एकदा पहाटे काका झोपेत असताना काकू उठून गेल्या होत्या. सापडल्या त्या हमरस्त्याच्या मधोमध, हात आडवा करून ट्रक थांबवत. एक ट्रक थांबला म्हणून वाचल्या. तेव्हापासून कड्या. पाणी भरायला नळावर जायचं तरी कडी, आणि रात्री पडायचं तर काकूंची आंघोळ-जेवण उरकून, कड्या लावून, पुढच्या ड्रायव्हरच्या दाराने आत शिरून सीटमागची आडोशाची फळी बंद करायची.

"अलार्म नाही का बसवलात?"

"मुलीने बसवला की. दार उघडलं की बोंबलायचा. मास्तर घाबरून टेबलाखाली शिरली, अन् मी घोरतच. सगळा जन्म भोंग्यांत गेला, ताई. भोंगा वाजला म्हणजे मागचा माणूस घाईत आहे, एवढंच. त्यात आपण कशाला उठायचं?"

मी जळलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. त्यात काय काय पाहावं लागतं ते सहसा बोलत नाही, पण काकांना सांगितलं. तुमची शेगडी दाराला लागून आहे, म्हटलं. तुम्ही नळावर असाल आणि पडद्याने पेट घेतला, तर तुम्ही पोचेपर्यंत काही उरणार नाही. असल्या गाडीचा विमा मी उतरवू शकत नाही. आणि उतरवू शकत असते तरी उतरवला नसता.

काकांनी वाद घातला नाही. कड्यांवरून बोट फिरवत राहिले.

"विमा नसला तर मैदानवाला इथं ठेवणार नाही. महिनाअखेरची मुदत दिलीय त्याने."

"मग?"

"मुलीने एक जागा बघून ठेवलीय. फक्त बायकांना ठेवतात. चांगली आहे, स्वच्छ आहे. मला रविवारी भेटता येईल." त्यांनी पायरीवर बसलेल्या काकूंकडे पाहिलं. "आम्ही कधी वेगवेगळ्या गाडीवर ड्युटी केली नाही, ताई. एकदा साहेबांनी लावली होती, तर हिने जाऊन भांडण काढलं."

मी त्यांना आठ दिवस दिले. एवढंच माझ्या हातात होतं. परत येताना मनात म्हटलं, दिले खरे, पण करणार काय हा माणूस? कड्या काढल्या तर रस्ता, ठेवल्या तर आग. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आठ दिवसांनी दुपारची गेले. काकांनी गज कापून काढले होते, जागा घासून वर रंगही दिला होता. कड्या काढून त्यांची भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवली होती. मी मागच्या बाजूला जाऊन मोठी खिडकी ढकलून पाहिली. ती सहज उघडली. आत डोकावले आणि माझं डोकंच फिरलं. काकू दाराजवळच्या बाकावर बसलेल्या, दाराला आतून साधी खिटी, आणि काका माझ्या नाकासमोरच्या फळीवर पाय पसरून चक्क घोरत पडलेले. आगीतून निघून फुफाट्यात, म्हटलं. याला विम्याचा कागद हवा होता, बाकी बाईचं काहीही होवो.

"काका!" मी हाक मारली. हूं नाही की चूं नाही. शेजारची मोठी घरगाडी मागे घेताना कोणी तरी कर्कश हॉर्न दाबून धरला. माझे कान दुखले. काकांचं घोरणं अर्ध्या सुरानेही बदललं नाही.

काकू उठल्या. पिशवी खांद्याला अडकवली, खिटी सरकवली. मी खिडकीपाशी अडकलेली. वळसा घालून धावेपर्यंत त्या उतरल्या असत्या. त्यांनी दार ढकललं आणि छताशी कुठे तरी 'टण' झालं. एकदाच. चमचा पडावा एवढाच आवाज.

काकांचा उजवा पाय दाबला गेला. डोळे मिटलेले होते, तोंड उघडं होतं, आणि तो पाय टाचेसकट समोरच्या भिंतीवर असा गच्च रुतला की सगळी गाडी हलली. त्यानंतर डोळे उघडले.

"कोण उतरतंय, मास्तर?"

"मी."

"गाडी पूर्ण थांबू द्या."

आणि काकू थांबल्या. एक हात दारावर, दुसरा पिशवीवर, पायरीकडे बघत, शांतपणे. काका उठले, पाण्याचा घोट घेतला, चपला पायात सरकवल्या. सावकाश. त्यांना घाई नव्हती, कारण थांबायचं म्हटल्यावर मास्तर थांबणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. इतकी कुलपं, इतके सायरन मी पाहिले, पण हे असलं पाहिलं नव्हतं.

"भंगारवाल्याकडून बेल आणली," काकांनी मला पाहून सांगितलं. जुन्या बसची पितळी घंटी, तिची दोरी छताखालून थेट दारापर्यंत नेली होती. "एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हिने मागून दोरी ओढायची आणि मी ब्रेकवर पाय दाबायचा. मागे वळून बघायची गरजच नाही. आधी पायाला ऐकू जायचं, मग कानाला."

"आणि काकू? त्यांना कसं कळतं थांबायचं?"

"तिनेच मला शिकवलंय ते. गाडी थांबल्याशिवाय तिने कोणाला उतरू दिलं नाही कधी. मग स्वतः कशी उतरेल?"

त्यांच्या टाचेकडे माझं लक्ष गेलं. ती काळीनिळी पडली होती. भिंतीवर त्या जागी त्यांनी उशी बांधली होती, ती सरकून बाजूला लोंबत होती. मी खिडकीतून हात घालून ती जागेवर सरकवली.

"काका, बेल आमच्या यादीत बसत नाही. हप्ता कमी व्हायचा नाही."

"अन् विमा?"

"विमा मिळेल. दार आतून उघडतं, खिडकी उघडते. मला तेवढंच हवं होतं."

"मग मलाही तेवढंच हवं होतं," काका म्हणाले. त्यांनी बोटांनी डोळे पुसले आणि तसं दिसू नये म्हणून चष्माही पुसला.

"रात्री वाजते का हो?"

"वाजते की. थंडी असली की कमी, उकाड्यात जास्त."

"मग तुमची झोप?"

"होते. दोन थांब्यांच्या मधे."

या माणसाला मी घटकेपूर्वी मनात काय काय म्हटलं होतं ते आठवून तोंड लपवावंसं वाटलं.

ती दोघं तळ्याकडे निघाली. काकू पुढे, काका दोन पावलं मागे. त्यांनी हात धरला नाही, हाक मारली नाही. काकू जिथे थांबल्या तिथे ते थांबले. मी गाडीचे फोटो काढले, सही केली, आणि काम संपलं तरी निघाले नाही.

परत आल्यावर काकू आधी चढल्या. आत जाऊन बसल्या नाहीत. दारातच दोरी धरून उभ्या राहिल्या आणि काका दांडा पकडून दुखऱ्या पायाने पायरी चढेपर्यंत वाट पाहत राहिल्या. ते नीट आत आले, सीटवर टेकले, तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकळत पायरीशी आले होते.

"जागा नाही," त्या म्हणाल्या. आवाजात कडकपणा होता, पण राग नव्हता. "मागून दुसरी येतेय."

मी मान हलवली. काकूंनी दार ओढून घेतलं आणि दोरी दोनदा ओढली. टण टण. गाडी जागेवरच उभी होती. मी मात्र तिला वाट देण्यासाठी दोन पावलं मागे सरले.