मुऱ्हाळ्याबरोबर गेलेली बॅग

मी बोलतेय. पलंगाखाली वाकून बघा, भिंतीकडच्या बाजूला. निळी, चार चाकांची, मधल्या आकाराची बॅग. आयर्लंडातल्या एका खोलीत मी पडून आहे, पण माझी खरेदी श्रीरामपूरची.

कारखान्यातल्या जन्माबद्दल फारसं आठवत नाही. एकामागून एक आम्ही तयार होत होतो, त्यात कुणाचं कौतुक व्हायचं? दुकानात मात्र बरेच महिने काढले. पोटात रद्दी कोंबलेली, अंगावर प्लास्टिक. येणारा जाणारा माझी चेन ओढून बघायचा आणि मोठी बॅग घेऊन जायचा. माणसांना मोठंच लागतं, मग सामान असो नसो.

मला घेतलं झुंबरबाईंनी. सत्तरी उलटलेली बाई, आवाज खणखणीत. सोबत त्यांचे धाकटे भाऊ आसाराम, ऊस आणि कांदा करणारे शेतकरी. आसारामभाऊंची बायको राजेश्वरी मे महिन्यात वारली होती. तेव्हापासून घरातलं सगळं झुंबरबाई ठरवायच्या आणि भाऊ मान हलवायचे.

"येक मोठी दे आन येक ही," बाई म्हणाल्या. "मोठीत खायाचं सामान. ही रिकामीच न्यायची."

"रिकामी कशाला, मावशी?" दुकानदारानं विचारलं.

"पोरीचे कपडे आनायला. मुऱ्हाळी चाललाय ह्यो."

दिवाळीला सासरच्या लेकीला माहेरी आणायला जातो तो मुऱ्हाळी. दिशाचं, म्हणजे आसारामभाऊंच्या लेकीचं, अजून लग्नही झालं नव्हतं. ती आयर्लंडात शिकत होती. पण बाईंचं म्हणणं सरळ होतं. न्यायला माणूस दारात उभा राहिला की लेक निघते, नाही म्हणायची पद्धतच नाही. राजेश्वरीनंतरची पहिली दिवाळी, घरात ना फराळ ना आकाशकंदील, निदान लेक तरी दिसावी. आई गेल्यापासून ती घरी आलीच नव्हती. तू येतेस का, असं तिला आधी विचारावं हे मात्र दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

विमानतळावर मला उघडून बघितलं. आत काहीच नाही. तपासणाऱ्यानं आसारामभाऊंकडं पाहिलं, भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, आणि आम्ही पुढं सरकलो.

दिशा घ्यायला आली होती. ती वडिलांच्या पाया पडली. "प्रवास बरा झाला का, अण्णा?" असं तिनं विचारलं, जसं कुठल्याही पाहुण्याला विचारतात. मग खिचडी केली. दुसऱ्या दिवशी कॉलेज दाखवलं, नदी दाखवली. भाऊ प्रत्येक गोष्टीला "चांगलं हाय" म्हणाले. दोघं एकमेकांशी इतकी नीट वागत होती की मला त्यांची काळजी वाटायला लागली. भांडणाऱ्या माणसांचं एक बरं असतं, ती निदान बोलतात.

शेवटी मीच मध्ये आले. बटाटे सोलता सोलता दिशानं विचारलं, "ही बॅग रिकामी का आणली?"

"तुज्या कपड्यांला. दिवाळीला घरी जाऊ."

"मी येणार नाही, अण्णा."

बटाटे सोलायची ती थांबली नाही. "पेपर चालू होते तेव्हा मी रोज फोन करायचे. आई कुठंय विचारलं की तुम्ही म्हणायचात, देवळात गेलीये. झोपलीये. एकदा म्हणालात, कॅमेरा बिघडलाय. तेव्हा आईचा दहावासुद्धा झाला होता."

"आक्का म्हनली, पोरीची परीक्षा हाय, सांगू नगं. आन तू इतक्या लांब, येकटी. कुनाच्या गळ्यात पडून रडली असतीस?"

"पेपर चांगले गेले. मग तुम्ही सांगितलंत. मला रडूच आलं नाही, अजून येत नाही. तुम्ही सगळे रडून मोकळे झालात, मी एकटी मागं राहिले." आवाज चढला नाही, कापला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. "आता तुम्ही फोनवर सगळं बरं हाय म्हणालात की मला काहीच खरं वाटत नाही."

आसारामभाऊंनी बटाट्याची सालं गोळा करून एका बाजूला केली. "आक्काचं नाव तरी कशाला घिऊ," ते म्हणाले. "फोन माज्या हातात हुता. चुकलं माजं. हितनं पुडं बरंवाईट काय बी झालं तरी तुला पयलं सांगीन."

ती "बरं" म्हणाली आणि फोडणी टाकली.

भाऊ दिवाळीआधी एकटेच परत गेले. मोठी बॅग त्यांच्याबरोबर गेली, मी राहिले. "असू दे इथंच," दिशा म्हणाली. इतकी रिकामी मी दुकानातही नव्हते, तिथं निदान रद्दी होती.

भाऊंनी शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. फोन उचलला की आधी वाईट बातमी, मग जेवलीस का. म्हैस आटली. विहिरीवरची मोटार जळली. स्वतःचा दात पडला तोही सांगितला. दिशा "हं" म्हणायची आणि अभ्यासाला बसायची. मी खालून ऐकायचे. लांबच्या लेकरासाठी तुम्ही माझ्यासारखी बॅग घ्यायला निघाला असाल, तर आधी त्याच्याशी खरं बोला आणि मग दुकानात जा, एवढीच माझी विनंती.

आज दुपारी फोन आला.

"दिशा, आक्काला झटका आलाय. दवाखान्यात ठिवलंय. डॉक्टर म्हनत्यात, सांगता येत न्हाई."

"उद्या माझा पेपर आहे, अण्णा."

"म्हाईत हाय. तरी सांगतोय. यायचं का ऱ्हायचं ते तुजं तू ठरव."

"आत्या बोलतीये का?"

"सकाळी बोलली. म्हनली, पोरीला सांगू नगं."

दिशा हसल्यासारखी झाली. मग पलंगाला पाठ टेकून खालीच बसली आणि "आई" म्हणाली. पुन्हा म्हणाली. आणि मग जे रडू सुटलं ते आवरेना. मला ती बाहेर ओढणार की पेपरला जाणार, मला ठाऊक नाही. तिलाही अजून ठाऊक नाही. मी आता बोलायची थांबते, कारण फोन चालूच आहे आणि पलीकडून आसारामभाऊ म्हणतायत, "रड बाळा. मी ठिवत न्हाई फोन."