डोळे मिटून शिकवणारे उस्ताद

"तिला तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून फुंकायला कोणी शिकवलं?"

ठोंब्याने हे विचारलं तेव्हा मुलगी नुकतीच परीक्षेच्या खोलीतून बाहेर आली होती. बँडमध्ये ट्रम्पेटची एकच जागा, वयोमर्यादेत बसणारा तिचा शेवटचा प्रयत्न. वरचा सा लावताना ओठाने दगा दिला होता. ठोंब्या, तिच्या वडिलांचा जुना सोबती, आपले दोन शिष्य परीक्षेला घेऊन आला होता. त्याने दाराआडून सगळं पाहिलं होतं.

"शिकवलं मीच," तिचे वडील, म्हणजे उस्ताद, म्हणाले. "पण कोपरा-बिपरा कधी सांगितला नाही."

"मग सांगायचास काय?"

"ऐक आणि वाजव. आणखी काय सांगायचं असतं?"

उस्तादांच्या हाती लहानपणी ट्रम्पेट आला आणि आठवड्यात बोलू लागला. ठोंब्याला सरळ सप्तक वाजवायला चार वर्षं लागली. 'ठोंब्या' हे नाव त्याला उस्तादांनीच बहाल केलेलं. पण त्याचे शिष्य नऊ बँडांत वाजवत होते. उस्तादांकडे अकरा जण आले, अकराही गेले, आणि दोष उस्तादांनी अकरांच्या कानांना देऊन टाकला. पोटची पोर तेवढी टिकली.

"तुझा पुढचा दात वाकडा, म्हणून तुला कोपरा लागतो," ठोंब्या म्हणाला. "तिचे दात सरळ आहेत. तुझं बघून उचललंन तिने. नऊ वर्षांत तुला दिसलं नाही?"

"मी डोळे मिटून ऐकतो."

"तुझं कधी अडलंच नाही रे. माझं पावलोपावली अडलं, म्हणून मला खड्डा न् खड्डा पाठ आहे."

मुलीने ओठावरचा ओला रुमाल काढला. "काका, सुधारेल?"

"दोन वर्षांत. पहिल्यापासून शिकलीस तर."

"तेव्हा मला घेणार कोण?"

ठोंब्याने शिष्यांना निघायची खूण केली.

घरी येताच तिने आपला ट्रम्पेट पुसून माळ्यावर सरकवला. "आत्याच्या दुकानात जाईन म्हणते उद्यापासून," एवढं बोलून ती भांडी घासायला गेली.

उस्ताद आपला ट्रम्पेट घेऊन आयुष्यात पहिल्यांदा आरशासमोर उभे राहिले. खरंच, कोपऱ्यातच. ट्रम्पेट त्यांनी ओठांच्या मध्यावर आणून फुंकला. नुसती हवा. परत कोपऱ्यात नेला. पण आता नेमका कुठे टेकवायचा, हे ओठांना आठवेना.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. उस्तादांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा हवाच.

थोड्या वेळाने आत नळ सुरू झाला.