तेच, तिथेच, तेवढेच

समारंभांना खुर्च्या-टेबलं-गाद्या भाड्याने द्यायचं दुकान सासूबाईंनी उभं केलेलं. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि दुकान सुनेच्या गळ्यात पडलं. तिला घरीदारी सगळे धाकटी म्हणत.

सासूबाई प्रत्येक ऑर्डर चिठ्ठीवर लिहून खिळ्याला टोचायच्या. धाकटीने एक सॉफ्टवेअर घेतलं. चिठ्ठीचा फोटो काढला, की ते अक्षर लावून तारीख, गिऱ्हाईक, पत्ता, फोन, प्रसंग, सामान असे रकाने पाडायचं आणि तक्ता तयार. तिने खिळा रिकामा केला, मोठ्या चिठ्ठ्या एकीकडे, छोट्या एकीकडे लावल्या आणि दुपारभर फोटो काढले.

तक्ता देखणा झाला. खाली सॉफ्टवेअरने आपणहून लिहिलं होतं, सर्वांत मोठं गिऱ्हाईक: तेच. धाकटी चक्रावली. हे ‘तेच’ आडनावाचं कुटुंब सारखं खुर्च्या नेतं, आणि आपण त्यांचं नावही ऐकलेलं नाही? फोनच्या रकान्यात ‘माहीत आहे’ एवढंच होतं.

सकाळी टेम्पोवाला दारात आला आणि कुठे जायचं, असं त्याने विचारलं. आजच्या तारखेसमोर लिहिलं होतं: तेच, तिथेच, तेवढेच. टेम्पोवाल्याने ते दोनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि गाडीत जाऊन बसला. धाकटीने सासूबाईंना फोन लावला.

“आई, हे तेच कोण?”

“कुठले तेच?”

“आजचे.”

“अगं, तेच म्हणजे आधीचेच. खिळ्यावर तिच्या खालची चिठ्ठी बघ.”

आता वर काय नि खाली काय. तारखेने लावूनही उपयोग नव्हता, कारण तारीख सामान पोचवायची असायची, ऑर्डर आली त्या दिवसाची नव्हे. चिठ्ठ्या आपण आकाराने लावल्याचं धाकटीने चाचरत सांगितलं. पलीकडे बाळ रडत होतं. त्याला थोपटत सासूबाई म्हणाल्या, “मग आता ते तेच राहिले नाहीत.”

तेवढ्यात दुकानातला फोन वाजला. खुर्च्या अजून कशा आल्या नाहीत, असं एक बाई तावातावाने विचारत होत्या. कोण बोलतंय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “अहो, आम्हीच.” धाकटीने मोठ्या मिनतवारीने नाव, पत्ता आणि आकडा काढून घेतला. टेम्पो सुटला. सामान उशिरा पोचलं, बोलणीही खावी लागली, पण वेळ निभावली.

त्याच आनंदात तिने तक्त्यात ‘तेच’ खोडून बाईंचं नाव घातलं. सगळीकडे बदलू का, असं सॉफ्टवेअरने विचारलं. ती हो म्हणून बसली. क्षणात वर्षभराचे सगळे ‘तेच’ त्या एकट्या बाईंच्या नावावर गेले. एकाच दिवशी त्यांच्याकडे वाढदिवस, कंपनीची सभा आणि शोकसभा. कालचा तक्ता निदान खरं बोलत होता, असं धाकटीला वाटलं.

सासूबाई परतल्या त्या दिवशी दोघी पडद्यासमोर बसल्या. धाकटीने बदल मागे घेतला होता. सासूबाई एकेक ओळ बघून नाव सांगायच्या, धाकटी टाइप करायची. पहिल्या काही ओळी भराभर झाल्या. मग सासूबाई अडखळायला लागल्या. “हे चष्म्याच्या दुकानवाले. नाही, थांब, त्यांनी तेव्हा गाद्या नेल्या होत्या.” धाकटी खोडायची, पुन्हा लिहायची. थोड्या वेळाने सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तू विचारतेस म्हणून मला आठवेना झालंय,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसतंच गोंधळलेपण होतं. आजवर त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी धाकटीने चष्म्याच्या दुकानवाल्यांनाच फोन लावला. हो, आम्हीच खुर्च्या नेल्या, असं ते म्हणाले. मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, छे, त्या माझ्या बहिणीने नेल्या होत्या. तिकडे दोघांची जुंपली. फोन कानाला धरून धाकटी त्यांचं ठरायची वाट बघत राहिली आणि शेजारी सासूबाई खुणेने विचारत होत्या, कोण निघालं?