सरावाला मिळालेली मुलगी

मिरचीला मिरची हे नाव शाळेत पडलं आणि कायद्याच्या कॉलेजात पोचेपर्यंत ते इतकं मुरलं की हजेरी घेणाऱ्या मॅडमच्या तोंडूनही चुकून तेच निघे. राग तिच्या नाकावरच असायचा. दुसऱ्या वर्षाला तिनं कॉलेजच्या मोफत सल्ला केंद्रात नाव घातलं तेव्हा आई म्हणाली, "घरात पेला उचलून ठेवायला होत नाही आणि निघाली लष्कराच्या भाकऱ्या भाजायला." बाबा पेपराआडून म्हणाले, "जाऊ दे गं. तिकडे भांडून आली की घरात जरा शांतता राहील."

हे केंद्र म्हणजे ग्रंथालयामागची एक खोली. पूर्वी तिथं खेळाचं सामान ठेवत. अजूनही मधोमध टेबल टेनिसचं जुनं टेबल होतं, फक्त जाळी काढलेली. एका बाजूला पक्षकार बसायचा, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी. केंद्र कॉलेजात शिकवणाऱ्या सरांनी उभं केलं होतं आणि खोटं कशाला बोलायचं, त्यासाठी त्यांनी खूप खस्ता खाल्ल्या होत्या. खोली मिळवण्यासाठी ते तीन प्राचार्यांशी भांडले होते. पण हळूहळू असं झालं की केंद्रात काम केल्याचं प्रमाणपत्र असलं की मोठ्या वकिलांच्या ऑफिसांतून बोलावणं येऊ लागलं. मग गरिबांची कळकळ अचानक सगळ्यांनाच वाटायला लागली. नाव घालायला रांग लागायची.

सरांची एक पद्धत होती. नव्या तुकडीनं जुनी टिपणं वाचायची नाहीत. "वाचून वकील होत नसतात," ते म्हणत. "पक्षकाराच्या तोंडून स्वतः ऐका, प्रश्न विचारायला शिका." मिरचीला हे फार पटलं होतं. तिनं ते वाक्य वहीत उतरवूनसुद्धा घेतलं.

तिच्या वाट्याला आली चिमी. चिमी दहा वर्षांची. सोबत तिची मावशी, शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करणारी, बोटांच्या टोकांना सुईच्या टोच्यांनी घट्टे पडलेली. चिमीची आई गेली तेव्हापासून मावशीनंच तिला वाढवलं होतं. बाप तेव्हा जो गायब झाला तो दोन-तीन वर्षांपूर्वी उगवला होता, दुसरं लग्न करून, एक तान्हं बाळ घेऊन. नव्या बायकोला हाताखाली कोणीतरी हवं होतं, म्हणून बापाला एकाएकी पोटच्या मुलीची आठवण आली. त्यानं चिमीचा ताबा मागितला होता. आईच्या शेवटच्या दिवशी त्यानं काय केलं हे पाहणारी शेजारीण कधीच गाव सोडून गेली होती. उरली होती एकटी चिमी.

मिरचीनं आवाज मऊ केला. "चिमी, त्या दिवशी काय झालं ते मला सांगशील?"

चिमीनं विचारलं, "उभं राहून सांगू की बसून?"

मिरचीला वाटलं, किती शहाणी पोर! ती म्हणाली, "तुला हवं तसं."

चिमी बसूनच सांगू लागली. "त्या दिवशी माझ्या आईला खूप ताप होता. ती म्हणाली डॉक्टरांना बोलवा. बाबा म्हणाले नाटकं करते. मग त्यांनी बाहेरून कडी-कुलूप लावलं आणि ते निघून गेले." इथं ती थांबली, समोरच्या पेल्यातलं दोन घोट पाणी प्यायली आणि पुढं सांगू लागली. खिडकीतून हाका मारल्या. शेजारच्या काकूंनी दार तोडलं. आईला दवाखान्यात नेलं पण उशीर झाला होता. सगळं स्वच्छ, एकाही शब्दाला अडखळणं नाही. मिरचीनं सगळं लिहून घेतलं आणि सरांकडून शाबासकीही मिळवली.

केंद्राचे खटले कोर्टात चालवायच्या एक वकीलबाई. विद्यार्थ्यांना कोर्टात बोलता येत नाही, म्हणून त्या आपलं काम सांभाळून हे करायच्या. तारखेला कागद उचलायला त्यांनी मिरचीला सोबत घेतलं. न्यायाधीशबाईंनी चिमीला आपल्या खोलीत बोलावलं. दोन्हीकडचे वकील होते आणि कोपऱ्यात कागद धरून मिरची.

चिमी उभी राहिली, हात मागं बांधले आणि तिनं सुरुवात केली. "त्या दिवशी माझ्या आईला खूप ताप होता."

तीच वाक्यं, तोच सूर. न्यायाधीशबाईंनी मध्येच प्रेमानं विचारलं, "बाळ, तेव्हा दुपार होती का संध्याकाळ?" चिमीनं ओठ हलवून काहीतरी आठवून पाहिलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. "त्या दिवशी माझ्या आईला खूप ताप होता." कडी लावल्याच्या वाक्याला ती थांबली आणि म्हणाली, "पाणी."

बापाचा वकील हसला. "पाणी प्यायची जागासुद्धा ठरवून दिलीय, मॅडम."

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलला. मुलगी पढवलेली दिसते असं त्यांनी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर वकीलबाई कपाळाला हात लावून बाकावर बसल्या. "हरलो आपण. पोर हातची गेली."

मावशीला यातलं काही कळलं नव्हतं. ती चिमीची वेणी नीट करत होती. मिरचीनं तिला विचारलं, "मावशी, हे तिनं याआधी कोणाकोणाला सांगितलंय?"

"तुमच्याच केंद्रात की!" मावशी म्हणाली. "खटला किती वर्षं चाललाय. दर वेळी नवीन ताई, नवीन दादा. तुमच्या आधीच्या ताईंनीच तिला शिकवलं, रडू आलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, मग सांगायचं. एकदा तर सरांनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं तिला. मुलं मागं बसून लिहीत होती."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोलले की. म्हटलं, एकदा लिहून घेतलंय ना? सर म्हणाले, मुलांना शिकायला मिळतं." मावशीनं वेणीला रबर लावला. "तुम्ही फुकट करता सगळं. मग नाही कसं म्हणायचं?"

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी सरांचा राग आला, मग आधीच्या ताईंचा, आणि मग लक्षात आलं की त्या रांगेत सर्वांत शेवटी आपणच उभ्या आहोत. पैसे देणाऱ्या पक्षकाराच्या लेकीला कोणी असं वर्गासमोर उभं केलं असतं का? त्यानं टेबल उलटं केलं असतं. फुकट आलेल्याची पोर मात्र बिनबोभाट सरावाला मिळते. जी गोष्ट एकदा सांगताना मोठ्या माणसाचा जीव जाईल, ती या पोरीकडून दर सत्राला वदवून घेतली होती. शेवटी तिनं जीव वाचवायला ती पाठ करून टाकली होती.

ती थेट सरांच्या खोलीत गेली. सर कसल्याशा पुरस्काराचं भाषण लिहीत बसले होते. केंद्राला पुरस्कार मिळणार होता.

"सर, न्यायाधीशबाई म्हणतात मुलगी पढवलेली आहे. आपण कोर्टाला सांगायला हवं की ती अशी का बोलते."

सरांनी चष्मा काढला. "काय सांगायचं? की केंद्रानं मुलीकडून सराव करून घेतला? उद्या पेपरात येईल. केंद्र बंद पडलं तर या मावशीसारख्या बायका जातील कुठं?"

"सर, या मावशी कुठं जातात ते आधी बघू या."

"तू नवीन आहेस. जरा दूरचं बघायला शिक. आणि तुला पुढं ऑफिसांत माझी शिफारस लागणार आहे, हे विसरू नकोस." आवाज चढवला नव्हता त्यांनी. हेच मिरचीला जास्त झोंबलं.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शपथेवर कोणीतरी सांगायला हवं. मी वकील आहे, मला साक्ष देता येणार नाही. तू उभी राहशील?" मिरचीनं केंद्रातल्या सगळ्यांना विचारून पाहिलं. जे आधीच्या तुकड्यांत होते त्यांनी काखा वर केल्या. कोणाची परीक्षा, कोणाची मुलाखत. गरिबांसाठी रात्रंदिवस झटणारी ही मंडळी, आणि एका पोरीसाठी एक सकाळ कोणाकडे नव्हती!

म्हणून पुढच्या तारखेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकटी मिरची उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. जुनी टिपणं न वाचायचा नियम, दर सत्राला नवे प्रश्न, तो भरलेला वर्ग, ते पाणी. आपण स्वतःही तेच केलं, हेसुद्धा सांगितलं.

बापाचा वकील खूश झाला. "म्हणजे मुलीकडून सराव करून घेतला, हे तुम्हाला मान्य आहे?"

"सराव आम्ही केला," मिरची म्हणाली. "तिच्यावर. तिला एक शब्दही कोणी शिकवलेला नाही. तिचेच शब्द आम्ही तिच्याकडून इतक्यांदा वदवून घेतले की आता ते तिचे वाटत नाहीत."

न्यायाधीशबाईंनी मागच्या बाकांकडे पाहिलं. "केंद्राचे प्रमुख आले आहेत का?"

सर आले होते. काय काय बाहेर पडतं ते बघायला आले असणार. ते उठले.

"हे खरं आहे?"

सर म्हणाले, "तशी आमची पद्धत आहे."

पद्धत! मिरचीला वाटलं, पिंजऱ्याच्या कठड्यावरून उडी मारावी.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग मला त्या मुलीशी पुन्हा एकदा बोलावं लागेल."

"नाही!" मिरची ओरडली. सगळं कोर्ट दचकलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. "माफ करा मॅडम, पण पुन्हा नाही. तुम्हाला मला बाहेर काढायचं तर काढा. तिच्याशी बोलायचंच असेल तर दुसरं काहीही बोला. ते मात्र आता कोणीच विचारायचं नाही."

तिला आता बाहेर काढतील, असं सगळ्यांना वाटलं. पण न्यायाधीशबाई उठल्या आणि चिमीला घेऊन आपल्या खोलीत गेल्या. या वेळी एकाही वकिलाला आत घेतलं नाही. मावशी बाकावर पदराचं टोक पिळत बसली. बाप मोबाईलवर काहीतरी बघत होता.

फार वेळ लागला नाही. न्यायाधीशबाई परत येऊन बसल्या.

"मी तिला काहीच विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "तिला म्हटलं, आज तू विचार. तुला मला काही विचारायचंय का? ती म्हणाली, हो. बाबांकडे जायचं नाही एवढंच सांगायचं असेल, तर आधी ते सगळं परत सांगावं लागतं का?"

सरांनी मान खाली घातली होती.

"मी म्हटलं, नाही, बाळ. नाही सांगावं लागत." त्यांनी पेन उचललं आणि हुकूम लिहायला घेतला. "मग ती म्हणाली, मला जायचं नाही."