धाकट्या जावेची मंजुरी

शंकाबाईंचं टाळकं सकाळीच सटकलं होतं. कारण ऐकाल तर तुम्हीही म्हणाल, यात चिडण्यासारखं काय आहे? त्यांनी लिहिलेला बदल मंजूर झाला होता, एवढंच. पण तो पाठवल्या पाठवल्या मंजूर झाला होता, त्यांचा हात माउसवरून निघायच्या आत. आणि मंजूर करणारी होती त्यांची धाकटी जाऊ, जी बाळंतपणाच्या रजेवर घरी बसली होती.

शंकाबाई हे नाव ऑफिसातलं. प्रत्येक गोष्टीत शंका काढतात म्हणून पडलेलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. कंपनी दवाखान्यांतल्या औषधाच्या पंपांचं सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटच्या पलंगाशेजारी उभा राहून थेंबाथेंबाने औषध सोडतो ना, तो पंप. तासाला किती सोडायचं ते यांचा कोड ठरवणार. अशा कामात एकच नियम, आणि तो कुणी मोडायचा नाही: लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. दुसऱ्याने मंजूर म्हटल्याशिवाय एक ओळ पुढे सरकायची नाही.

शंकाबाई लिहायच्या आणि धाकटी तपासायची. ती तपासायला बसली की शंकाबाईंच्या नाकी नऊ यायचे. हे असंच का, ते तसं का नाही, कोडात या आकड्याला दिलेलं हे नाव कुणाला कळणार आहे? घरी दोघी एका ओट्यावर, ऑफिसात एका कोडवर, आणि दोन्हीकडे कुरबूर. लोकांना फुकटची करमणूक. आणि आता त्याच धाकटीच्या नावाने गुळमुळीत ओळ येत होती: 'तपासलं. योग्य वाटतं.'

"योग्य वाटतं म्हणे! ही बया माझ्या चहालासुद्धा कधी योग्य म्हणाली नाही," शंकाबाई पुटपुटल्या.

शुक्रवारी नवीन सॉफ्टवेअर दवाखान्यांत जायचं होतं. साहेब टेबलांमधून फिरत होते. त्यांचं ऑफिसातलं नाव होऊनजाईल. काहीही विचारा, उत्तर तेच. शंकाबाईंनी विचारलं, "साहेब, हे इतक्या झटपट कसं मंजूर होतंय?"

"अहो, मंजूर होतंय तर रडताय कशाला? आता असिस्टंट आहे ना मदतीला!"

असिस्टंट म्हणजे एआयचा. तो सगळ्यांकडे आधीपासून होता, पण त्याला कंपनीचा कोड दिसायचा नाही. दरवेळी तुकडे उचलून त्याच्यापुढे टाकावे लागत. मग जोडणीचा तो नवा प्रोटोकॉल आला, म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेली एकच पद्धत. कुठलाही असिस्टंट असो, कोडचं कुठलंही कोठार असो, सॉकेट एकच. एकदा जोडला की तो आपला आपण आत जाऊन शोधतो, वाचतो, उत्तर देतो. हे जोडण्याचं काम शंकाबाईंकडेच होतं. त्यांनी सुरक्षा विभागाकडे एक टोकन मागितलं, फक्त वाचायची मुभा असलेलं. टोकन म्हणजे नावाची किल्ली. ज्याच्या नावाची, त्याचे जेवढे अधिकार तेवढे तिला देता येतात. अर्ज गेला तो गेलाच. विचारलं की "प्रक्रियेत आहे". शंकाबाईंनी त्या प्रक्रियेच्या नावाने इतकी बोटं मोडली की विचारू नका. आणि मग एके सकाळी असिस्टंट जोडलेलाच दिसला. साहेब म्हणाले, "तात्पुरतं केलंय, होऊन जाईल." ऑफिसात तात्पुरतं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या दिवशी शंकाबाई लॅपटॉप बगलेत मारून लवकरच घरी निघाल्या. वाटभर मनात भांडण रंगवत होत्या. दार उघडलं ते सासूबाईंनी. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं. धाकटी पलंगावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"रजा घेतलीस ना? मग धड रजा तरी घे!" शंकाबाईंनी चप्पल काढता काढताच तोफ डागली. "न बघता बटणं कसली दाबतेस? औषधाचा पंप आहे तो, पाण्याचा नाही! लोकांचे जीव लटकलेत त्याच्यावर!"

"ताई, काय बोलताय तुम्ही?"

"आता साळसूदपणा नको. माझे सगळे बदल तूच मंजूर करतेयस. तुझं नाव आहे खाली."

धाकटीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "मी? माझा लॅपटॉप तर रजेच्या आधीच जमा केला मी. फोनवर बाळाचे फोटो सोडून काही उघडलेलं नाही. झोप मिळत नाहीये मला, ताई, आणि तुम्ही येऊन…" तिचे डोळे भरले.

"अगं, तिच्यावर कशाला ओरडतेस?" सासूबाई बाळाला थोपटत म्हणाल्या. "झोपेतून उठून हात धुवायला वेळ नाही पोरीला."

शंकाबाईंचा आवाज खाली आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तर होत नाही ना? त्यांनी आपला लॅपटॉप उघडून धाकटीपुढे ठेवला. "तुझ्या खात्यात जा बघू."

धाकटीने पासवर्ड टाकला, फोनवर आलेला आकडा टाकला. टोकनांच्या पानावर एकच टोकन होतं. सर्व अधिकार. शेवटचा वापर: आत्ताच.

"अगं बाई!" धाकटीने कपाळाला हात लावला. "शेवटच्या दिवशी साहेब आले होते. म्हणाले, परवानगी रखडलीय, तुमचं टोकन द्या, असिस्टंट नुसता वाचेल. मला कळा सुरू झाल्यासारखं वाटत होतं हो. दिलं आणि निघाले."

आणि साहेबांनी त्याला नुसतं वाचायला नव्हतं लावलं. तपासायलाही लावलं होतं, मंजूर करायलाही, तेही हिच्या नावाने. असिस्टंटचा काय दोष? त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. पण त्या कोठाराला दिसत होती दोन माणसं, एक लिहिणारं, एक तपासणारं, आणि त्यातलं एक इथे दुपट्यांच्या घड्या घालत होतं.

शंकाबाईंनी साहेबांना स्पीकरवर फोन लावला आणि टोकनाचा जाब विचारला.

"अहो, तिने स्वतःच दिलंय ना टोकन? शुक्रवार होऊ द्या, मग काढून टाकू. आता काढलंत तर सगळं अडकेल."

"आणि कुणाचं बरंवाईट झालं तर? नाव कुणाचं पुढे येणार, तुमचं?"

"असं अभद्र का बोलता? होऊन जाईल सगळं नीट."

धाकटीने पुढचं ऐकलंच नाही. तिने टोकनासमोरचं 'रद्द करा' दाबलं. मग लॅपटॉप मांडीवर ओढला आणि म्हणाली, "ताई, माझ्या नावावर काय काय खपवलंय ते मला बघू द्या. आजचं आधी दाखवा."

"माझंच आहे ते. किरकोळ आहे. पडद्यावर पेशंटचं वजन पूर्ण आकड्यात हवं होतं साहेबांना. दशांश काढलाय फक्त."

धाकटी वाचू लागली. तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी पडली, आणि शंकाबाई नेहमीसारख्या मनातल्या मनात चरफडल्या. आता काढणार ही काहीतरी खुसपट.

"ताई, आपलं बाळ जन्मलं तेव्हा किती किलोचं होतं?"

"दोन किलो सहाशे. का गं?"

"तुमच्या कोडात ते तीन किलोचं आहे." तिने बोट ठेवलं. "पडद्यावर दाखवण्यापुरतं नाही, तुम्ही मूळ आकडाच पूर्ण केलाय. पुढे डोस त्याच आकड्यावर निघतो."

शंकाबाई वाकल्या. ती ओळ त्यांनीच लिहिली होती, घाईघाईत, साहेब डोक्यावर उभे असताना. मोठ्या माणसाला दोनचारशे ग्रॅमने काय फरक पडतो? पण एवढ्याशा जिवाला तासातासाला जास्त औषध गेलं असतं, आणि पंपाला ते बरोबरच वाटलं असतं. एवढ्या शंका काढणारी बाई, आणि आपल्याच ओळीवर एक शंका आली नाही.

"मेले, हे तू आधी का नाही पकडलंस?" त्या कळवळून म्हणाल्या.

"आधी मी होते कुठे, ताई?"

धाकटीने स्वतःच्या नावाची ती मंजुरी मागे घेतली आणि खाली टाइप केलं: 'नामंजूर. हे लहान बाळाच्या जिवावर बेतेल. आणि कोडात वजनाला दिलेल्या या नावाचा अर्थ कुणाला कळणार आहे?'

फोन पुन्हा वाजला. साहेबच होते. शंकाबाईंनी तो उचलला, पण बोलायला तोंड उघडलं तर आधी हुंदकाच बाहेर आला.

"शुक्रवार विसरा," त्या म्हणाल्या. "मी चुकलेय, आणि बघायला कुणीच नव्हतं."