उभ्या उभ्या बैठक

सल्लागारबाईंनी बैठकीच्या खोलीतली शेवटची खुर्ची बाहेर ढकलली आणि दार लावून घेतलं.

"आता बसायचं कुठे?" मालकांनी विचारलं.

"पॅकिंगमधल्या बायका बसतात तिथे."

"तिथे तर बसायला बंदी आहे!"

"तेच म्हणतेय."

कारखान्यात समता आणा, मगच माल उचलू, अशी मोठ्या गिऱ्हाइकाची अट होती. मालकांनी तातडीने समतेची पाटी लावली आणि पाटीपाठोपाठ बाईंना बोलावलं. बाईंचं मागणं एकच होतं : पॅकिंगला खुर्च्या द्या. तिथल्या काकू दोनदा खोक्यावर बसलेल्या सापडल्या होत्या. तिसऱ्यांदा सापडल्या की नोकरी गेली.

"खुर्ची दिली की माणूस झोपतो," मालक म्हणाले.

"तुम्हाला आहे की खुर्ची."

"मी मालक आहे. मी झोपलो तरी चालतं."

मालक हट्टाला पेटले. आधी ते कपाटाला टेकले, मग खिडकीला, मग मेव्हण्याला. मेव्हणा पगारी असल्यामुळे हलला नाही. बाईही उभ्याच होत्या. चपलेतून एक पाय काढायच्या, पुन्हा घालायच्या.

दुपारी "जरा पाहणी करतो" म्हणून मालक पॅकिंगमध्ये सटकले आणि हळूच एका खोक्यावर टेकले. शिट्टी वाजली.

"उठा," सुपरवायझर म्हणाला.

"अरे, मी आहे!"

"दिसतंय ना, साहेब. नियमाखाली सहीही तुमचीच आहे. ही पहिली ताकीद."

कुणी मान वर केली नाही. काकूंनी मात्र एकाच खोक्याला एकाच जागी तीनदा चिकटपट्टी लावली. मालक उठले. त्यांनी स्वतःचा घोटा चाचपला, मग काकूंच्या पायांकडे पाहिलं. चपलेचे पट्टे सुजेत रुतले होते. ते लंगडत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीची खोली रिकामीच होती. बाहेर काढलेल्या खुर्च्याही दिसेनात. संपलं म्हणायचं, असं समजून बाईंनी पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात पॅकिंगमधून हसणं ऐकू आलं.

त्या चाकांच्या काळ्या खुर्च्या टेबलांना लागल्या होत्या. मालकांच्या उंच पाठीच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या, कुणाला तरी कामावरून काढणार असल्यासारख्या. सुपरवायझर शिट्टी तोंडात धरून निमित्त शोधत होता.

"पोरी, कालपासून उभीच आहेस की," काकू म्हणाल्या आणि शेजारची रिकामी खुर्ची पायाने लोटली.

खुर्ची घरंगळत येऊन बाईंच्या गुडघ्यांशी थांबली. बाईंनी आधी चपला काढल्या.