नाल्याच्या पाण्याची बाटली

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीवर एकही ठिपका दिसायला नको होता. ताईंनी मोजले ते एकशे बारा. पुन्हा मोजले. एकशे बाराच.

नऊ वर्षे खपून त्यांनी हा जिवाणू घडवला होता. कारखान्याच्या टाकीत आंबवण होताना तो औषधाचा कच्चा माल तयार करी आणि एक विशिष्ट अमिनो आम्ल वरून घातल्याखेरीज जगत नसे. टाकीबाहेर तो चोवीस तासांत मरतो, असे परवान्याच्या अर्जात त्यांच्या सहीने लिहिलेले होते. अकरा वाजता जनसुनावणी होती. परवाना नाकारला गेला, तर नियमाप्रमाणे सगळा वाण जाळायचा होता.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून या शेवटच्या चाचणीसाठी कारखान्यालगतच्या नाल्याचे पाणी त्यांनी परवान्याच्या विरोधकांनाच आणायला सांगितले होते. विरोधकांचा म्होरक्या त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याची दूध डेअरी कारखान्याला लागूनच. त्या पाण्यात जिवाणू सोडून चोवीस तास ठेवले होते आणि मग त्यातले थेंब बशीवर पसरले होते; जगलेल्या प्रत्येक जिवाणूचा एक ठिपका.

ताईंनी त्याची बाटली हुंगली आणि फोन लावला. "दुधाची बाटली दिलीस?"

"मग काय अत्तराची देऊ? विसळली होती की."

ताईंचा जीव भांड्यात पडला. दुधात ते आम्ल असतेच. जिवाणूला आयते जेवण मिळाले. "चाचणी बाद. सुनावणी पुढे ढकलून स्वच्छ बाटलीत पुन्हा करू."

"कर. पण ताई, विसळलेलं पाणी जातं कुठं? रोज दोनशे कॅन धुतो मी. सगळं त्याच नाल्यात."

ताईंनी वही उघडली. आजवरच्या चाळीस चाचण्यांचे पाणी डेअरीच्या वरच्या अंगाला भरलेले होते. तिथे ते नितळ मिळे, म्हणून.

"काय झालं, ताई?"

"जिवाणू मरत नाहीत रे. या नाल्यात नाही."

तो हळूच म्हणाला, "बाटली घाण होती असं मी सांगतो. माझी भांडणं माझ्याजवळ. नऊ वर्षं जाळू नकोस."

सुनावणीत तो खरोखरच सर्वांत आधी उठला. "साहेब, एक चूक माझी आहे. पाण्याची बाटली..."

"बाटली बरोबर होती," ताई म्हणाल्या. बशी त्यांनी अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. "ठिपके मोजून घ्या."